सकाळी न उठणारी इंडिका: एका हिवाळ्याच्या नोंदी

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार
किलोमीटर १,८७,४१२. टाकी अर्धी. इंदूरला आमच्या अंगणात सकाळी सातला १६ अंश.

आजपासून लिहून ठेवते आहे, कारण मार्चमध्ये गाडीचं रजिस्ट्रेशन संपतंय. मार्च २००४ची टाटा इंडिका, डिझेलची. पंधरा वर्षं २०१९ला भरली, तेव्हा पाच वर्षं वाढवून मिळाली. आता पुन्हा फिटनेस दाखवायचा. नूतनीकरणाची फी सहाशे होती ती एप्रिल २०२२पासून पाच हजार झाली आहे. भाऊ पुण्याहून फोनवर सांगतो, भंगारात द्या, सर्टिफिकेट घ्या, मोकळे व्हा. बाबा काही बोलत नाहीत. मी सकाळी किल्ली फिरवली की ते खिडकीशी येऊन उभे राहतात आणि ऐकतात.

तक्रार अशी. सकाळी पहिल्यांदा आठ-नऊ सेकंद सेल्फ मारावा लागतो. मध्ये एखादा ठोका देते, पुन्हा गप्प. लागली की पांढरा धूर, अर्धा मिनिट खडखड, मग सुरळीत. एकदा गरम झाली की दिवसभर नुसती किल्ली दाखवली तरी लागते. घाटात ताकद आहे, मायलेज १६.८ (मागच्या तीन टाक्यांची सरासरी). म्हणजे इंजिन थकलेलं नाही. काहीतरी रात्रीत बिघडतं आणि सकाळी आपसूक भरून निघतं.

बाबांच्या लाल डायऱ्या कपाटातून काढल्या. २००४पासूनची प्रत्येक टाकी त्यांनी लिहिली आहे: तारीख, किलोमीटर, लिटर, दर, आणि काही झालं असेल तर एक ओळ. माझ्या नोंदी त्याच वहीत पुढे लिहीन.

३ डिसेंबर, रविवार
विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. घरात टीव्ही, गल्लीत फटाके, मी बॉनेटखाली.

आधी ज्याला पैसे लागत नाहीत ते तपासलं. बॅटरी रात्रभर उभी राहून १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना मल्टीमीटर ८.९पर्यंत खाली गेला, म्हणजे कुठेतरी वीज अडते आहे. बॅटरीचा निगेटिव्ह जिथे बॉडीला बांधला आहे तिथला बोल्ट खोलला तर खाली हिरवट भुकटी. तो, आणि इंजिनाची अर्थ-पट्टी, दोन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, व्हॅसलीन लावून घट्ट केलं. आता सेल्फ मारताना ९.९.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसत्या दाबाने हवा इतकी तापते की त्यात डिझेल पडताक्षणी पेटतं. इंजिन हळू फिरलं तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात. म्हणून सेल्फचा वेग हा डिझेलमध्ये निम्मा आजार असू शकतो.

फरक पडला, पण थोडा. नऊ सेकंदांचे सात.

१० डिसेंबर, रविवार
हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना सिलिंडर गरम करणारे विजेचे प्लग. चारही प्लगना जोडणारी धातूची पट्टी काढली आणि एकेकाचा रोध मोजला. एक आणि चार नंबर एक ओहमच्या आतले, ठीक. दोन आणि तीन उघडे, मीटर काहीच दाखवत नाही. म्हणजे चार सिलिंडरांपैकी दोनच सकाळी गरम होत होते. पट्टी न काढता मोजलं असतं तर चारही एकमेकांना जोडलेले असल्याने ‘चांगले’ दिसले असते. ही चूक मागे एकदा मी केलेली आहे.

हे इंजिन १४०५ सीसीचं, जुन्या आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) पद्धतीचं. डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये एक छोटी खोली असते, तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरत शिरते आणि डिझेल तिच्यात फवारलं जातं. इंजिन त्यामुळे मऊ चालतं, पण त्या खोलीच्या भिंती थंड असतात आणि उष्णता पटकन खातात. दाबाचं प्रमाण वीसहून वर ठेवूनही हिवाळ्यात हीटरची मदत लागते ती म्हणूनच. थेट इंजेक्शनच्या इंजिनाला इंदूरच्या थंडीत हीटरशिवायही फारसा त्रास होत नाही, या इंजिनाला होतो.

प्लग काढायची घाई केली नाही. वीस वर्षांत कार्बनने धरलेला प्लग थंड हेडमध्ये जोर लावला की तुटतो आणि त्याचं टोक आत राहतं. मग हेड उतरवणं आलं. आज मुळांशी गंज सोडवणारं तेल सोडलं, उद्या-परवा पुन्हा सोडीन.

१७ डिसेंबर, रविवार
सकाळी खंडवा नाक्यापर्यंत फिरवून आणली, इंजिन गरम असतानाच कामाला लागले. पाना थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. एक, दोन, चार सहज आले. तीन नंबरने चाळीस मिनिटं घेतली. शेवटी सुटला तेव्हा बाबा आतून म्हणाले, “निघाला ना?” त्यांना पान्याचा आवाज ऐकून कळलं.

नवे चार प्लग काल छोटी ग्वालटोलीतून आणले होते. चारही एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे. दोनच बदलून काम भागलं असतं, पण जुने दोन याच वयाचे आहेत. भोकांमधला कार्बन ग्रीस लावलेल्या ड्रिलने हाताने फिरवून काढला, म्हणजे भुकटी आत न पडता ग्रीसला चिकटते.

२४ डिसेंबर, रविवार
सकाळी १२ अंश. टाकी पाव. सेल्फ पाच-सहा सेकंद. पांढरा धूर खूप कमी, खडखड जवळजवळ गेली. पण एकदम लागत नाही. मी निराश आहे हे लिहून ठेवते. प्लग बदलल्यावर पहिल्या ठोक्याला लागेल असं मी धरून चालले होते.

२ जानेवारी २०२४, मंगळवार
ट्रकवाल्यांचा संप, हिट-अँड-रनच्या नव्या कलमाविरुद्ध. टँकर येणार नाहीत या भीतीने काल संध्याकाळपासून शहरातल्या पंपांवर रांगा. आज आमच्याही पंपावर दीड तास उभी राहिले. नंबर लागला तेव्हा टाकी फुल करून घेतली. अशी फुल टाकी बऱ्याच महिन्यांत केली नव्हती, आपण पाचशे-हजाराचं टाकतो.

५ जानेवारी, शुक्रवार
तीन दिवस झाले, सकाळी दोन सेकंदांत लागते आहे. आज ११ अंशांवरसुद्धा. प्लग आता ‘बसले’ असावेत. वहीत लिहिलं: काम झालं.

२० जानेवारी, शनिवार
काम झालेलं नाही. आज पुन्हा नऊ सेकंद. टाकी पाव.

संध्याकाळी इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं काम करणाऱ्या एका दुकानात नेली. उस्तादांनी दोनदा सेल्फ मारून ऐकलं आणि म्हणाले, “गाड़ी हवा पकड़ रही है। सील गये होंगे, पंप खोलना पड़ेगा।” साडेआठ हजार सांगितले, नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्या) वेगळे. त्यांचा अंदाज अडाणी नाही. एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-सहा या प्रदूषण-निकषाचं डिझेल मिळतं, त्यात गंधक जास्तीत जास्त दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा). त्याआधी पन्नास होतं आणि ही गाडी घेतली तेव्हा कितीतरी पट जास्त. गंधक काढताना डिझेलमधले जे घटक रबराला फुगवून ठेवत, तेही कमी होतात. जुन्या डिझेलवर मुरलेले सील मग आकसतात. या वयाचे रोटरी पंप गेल्या काही वर्षांत असे गळायला लागलेले मी स्वतः पाहिले आहेत.

पण आमचा पंप बाहेरून कोरडा आहे. मी म्हटलं, आठवडाभर थांबते.

२१ जानेवारी, रविवार
रात्री झोप लागेना म्हणून वही चाळत बसले. ‘टाकी’ आणि ‘सेल्फ’ हे दोन रकाने शेजारीशेजारी वाचले तेव्हा दिसलं. टाकी अर्धी: सात. पाव: पाच-सहा, पण तेव्हा नवे प्लग. फुल: दोन. पाव: नऊ. प्लगचा या शेवटच्या दोन आकड्यांशी काही संबंध नाही. गाडी टाकीतल्या पातळीप्रमाणे लागते आहे.

सकाळी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “अगं, आणि आपला रॅम्प?”

राजेंद्रनगरमधलं आमचं घर रस्त्यापेक्षा अडीच-तीन फूट उंच आहे. गाडी नाक घराकडे करून चढवतो, म्हणजे रात्रभर इंजिन वर आणि टाकी खाली. या गाडीत टाकीपासून डिझेल ढकलणारा वेगळा पंप नाही. इंजिनावरचा रोटरी पंपच आपल्या पोटातल्या पात्यांनी ते ओढून घेतो. वाटेत कुठे केसाएवढी फट असेल तर रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि पाइपात हवा भरते. सकाळी सेल्फ आधी ती हवा ओढतो, मग डिझेल. टाकी भरलेली असली तर दोन्हीकडच्या पातळीत फरक कमी, उतरणं कमी.

आता चार रात्री नुसता प्रयोग करायचा. काही खोलायचं नाही, डिझेल टाकायचं नाही.

२५ जानेवारी, गुरुवार
दोन रात्री नाक वर: सकाळी ९ सेकंद, ११ सेकंद.
दोन रात्री गाडी रिव्हर्सने चढवून, नाक रस्त्याकडे, खाली: २ सेकंद, अडीच सेकंद.

उस्ताद बरोबर होते, गाडी हवा घेते. कुठून, एवढंच राहिलं.

२६ जानेवारी, शुक्रवार
सुट्टी, पूर्ण दिवस मिळाला.

फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे हातभर पारदर्शक नळी लावली. बुडबुडे आहेत. चालू असताना बारीक, मोहरीएवढे, एकामागून एक. दहा मिनिटं बंद ठेवली तर नळीच्या वरच्या वळणात बोटाच्या पेराएवढी हवा जमली.

मग कॅनचा प्रयोग. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात डिझेल. पंपाची ओढणारी नळी आणि परतीची नळी, दोन्ही कॅनमध्ये. टाकी, लांब पाइप, फिल्टर, सगळं वगळलं. कॅन बॅटरीशेजारी ठेवला आणि गाडी लगेच लागली. आनंदाने पंपाला निर्दोष ठरवणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की कॅन पंपापेक्षा उंच आहे. उंचावरून डिझेल आपोआप खाली येतं, फट असली तरी हवा आत शिरत नाही, उलट डिझेल बाहेर ठिबकेल. या प्रयोगाने काहीच सिद्ध झालं नाही. कॅन जमिनीवर ठेवला, नळ्या लांब केल्या, पुन्हा हवा काढली आणि रात्रभर तसंच सोडलं. कॅनवर ओली गोणी आणि शेजारी ‘डिझेल, हात लावू नये’ अशी पाटी, कारण गल्लीतली मुलं सकाळी अंगणात असतात.

२७ जानेवारी, शनिवार
सकाळी ११ अंश. नाक वर, कॅन जमिनीवर. दीड सेकंद.

पंप निर्दोष. सीलही निर्दोष. साडेआठ हजार वाचले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वीस वर्षं न खोललेला, चांगला चालणारा पंप उगाच खोलला गेला नाही.

२८ जानेवारी, रविवार
काल संध्याकाळी वाटेत फिल्टर परत जोडला, कॅन जमिनीवरच. सकाळी दोन सेकंद. फिल्टरही सुटला, त्याच्या डोक्यावरच्या हँड प्रायमरसकट (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप). राहिला टाकीपासून इंजिनापर्यंतचा लांब पाइप. तो बहुतेक पोलादी आहे. रबर फक्त दोन टोकांना.

संशय कुठे ठेवायचा ते डायरीने सांगितलं. बाबांच्या अक्षरात: ‘१९ ऑगस्ट २०२१. टाकी उतरवली. तळाला पाणी व गाळ. जाळी साफ. मजुरी १,४००.’ आणि त्याच वर्षी डिसेंबरात: ‘सकाळी जड.’ त्याआधीच्या सतरा हिवाळ्यांत ‘जड’ हा शब्द एकदाही नाही. मी दोन वर्षं समजत होते की गाडी म्हातारी झाली.

मागची बाजू जॅकने उचलली, घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) टेकवली, चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी कधीच खाली जात नाही. टॉर्च घेऊन टाकीजवळच्या जोडापर्यंत पोचले. तिथे डिझेलची नळी नव्हतीच. पाण्याची जाड नळी होती, एक मापाने मोठी, आणि ती दाबून बसवायला मोठा क्लिप इतका आवळलेला की रबराला एका बाजूला चुणी पडलेली. चुणीच्या खाली फट. नळी हाताला लाकडासारखी लागली. डिझेलमध्ये ती आधी फुगली असणार, मग कडक होऊन भेगाळली.

आणि खाली एक थेंबही नाही. थोडी धूळ ओलसर दिसत होती, बस. हा पाइप डिझेल ओढतो, ढकलत नाही. त्याला भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून कोणाला कधी काही गळताना दिसलं नाही. ज्या गॅरेजने अडीच वर्षांपूर्वी टाकी उतरवली, त्यांच्याकडे त्या दिवशी बरोबर नळी नसेल, हातात होती ती लावली. मला त्याचा राग आला, अजून आहे. तीस रुपयांच्या नळीसाठी एका माणसाने दोन वर्षं आपल्या गाडीला थकलेली म्हटलं, आणि मनातल्या मनात तिला निरोप द्यायची तयारी केली.

४ फेब्रुवारी, रविवार
तेल सहन करणारी, आतून कापडी विणीची डिझेलची नळी, अर्धा मीटर. बरोबर मापाचे, सगळीकडून सारखा दाब देणारे क्लिप. पुढच्या टोकाचं रबरही बदललं आणि नोझलांवरच्या ओव्हरफ्लोच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) बारीक नळ्याही, कारण त्याही २००४च्याच होत्या. उघडलेल्या प्रत्येक जोडाला नवे तांब्याचे वॉशर. जुने दाबून एकदा चपटे झाले की पुन्हा नीट बसत नाहीत.

मग हवा काढणं. प्रायमर कडक लागेपर्यंत दाबला. नोझलांच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल केले आणि भाचीला सेल्फ मारायला सांगितलं. आधी फेस, मग फेसातून डिझेल, मग स्वच्छ चिळकांडी. एकेक नट आवळत गेले तशी गाडी तीनवर, मग चारवर चालू झाली. भाचीला आधीच बजावलं होतं की इथे कोणीही बोट घालायचं नाही. नोझल शंभर-दीडशे बारवर उघडतो. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते.

११ फेब्रुवारी, रविवार
सात सकाळी झाल्या. मुद्दाम पाव टाकीच्या खाली ठेवली, मुद्दाम नाक वर. रोज दीड सेकंद, एकदा एक. पारदर्शक नळीत बुडबुडा नाही. आज ती नळी काढून काळी लावली. उष्णतेने पारदर्शक नळी पिवळी पडून तडकते, ती तिथे कायमची ठेवू नये.

बाबा आता खिडकीशी येत नाहीत. आवाज येतो तेव्हा त्यांचा चहा चालू असतो.

१८ फेब्रुवारी, रविवार
टायमिंग बेल्ट आणि तो ताणून ठेवणारा टेन्शनर बदलले, मेकॅनिकच्या मदतीने. डायरीप्रमाणे आधीचा बेल्ट २०१६चा. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी वर्षं मोजायची. खुणा जुळवून, सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार
ओंकारेश्वर. बाबा पुढच्या सीटवर.

सिमरोलपर्यंत सरळ. पुढे भेरूघाट. चौपदरीकरणाचं काम चालू असल्याने वळणांवर गिट्टी, धूळ आणि ट्रकांची रांग. टर्बो नसलेल्या त्रेपन्न अश्वशक्तीच्या गाडीला अशा रांगेत दुसऱ्या गिअरमध्येच चालावं लागतं, आणि तिथेच तिचा गुण दिसतो: ॲक्सिलरेटरला पाय टेकवून ठेवला की ती न अडखळता चढत राहते. तापमानाचा काटा मध्यावर. आरशात काळा धूर नाही. परतीच्या चढावर बाबांनी एसी बंद करायला लावला. गाडीसाठी नव्हे, त्यांना इंजिन ऐकायचं होतं. चोरलपासून घाटमाथ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. वर आल्यावर म्हणाले, “दोन नंबरचा टॅपेट किंचित वाजतोय.”

वाजत होता. लिहून घेतलं.

१० मार्च, रविवार
टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप थंड इंजिनावर नीट केला. दोन नंबरचा एक्झॉस्ट सैल होता.

१४ मार्च, गुरुवार
धुराची तपासणी. डिझेलमध्ये प्रोब सायलेन्सरमध्ये घालून ॲक्सिलरेटर तळापर्यंत झटक्यात दाबतात, पुन्हा पुन्हा, आणि धूर प्रकाश किती अडवतो ते मोजतात. या वयाच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट. आमची ४१. जाण्याआधी अर्धा तास बायपासवर चांगली गरम करून नेली होती. थंड, शहरात रखडलेली डिझेल गाडी थेट तपासणीला नेली तर साचलेली काजळी त्याच वेळी बाहेर पडते आणि चांगलं इंजिनही नापास होतं.

१९ मार्च, मंगळवार
नायता मुंडला, आरटीओ. दिवे, हॉर्न, हँडब्रेक, वायपर, चॅसिस नंबर. पास. पाच हजार भरले. मार्च २०२९पर्यंत.

बाबांनी डायरी मागून घेतली आणि ती ओळ स्वतः लिहिली. हात कापतो आता, पण आकडे सुवाच्य आहेत.

३० मार्च, शनिवार
किलोमीटर १,८८,९६०. टाकी पाव. नाक वर. सेल्फ एक सेकंद.

आज रंगपंचमी. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) पाहायला राजवाड्याला पायी आणि बसने गेलो, गाडी घरी ताडपत्रीखाली ठेवली. पुढची कामं: मागचे ब्रेक शू, डावीकडच्या ड्राइव्हशाफ्टचा फाटत आलेला बूट (रबरी आवरण), पावसाआधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणे.